थावराभाऊची अडकलेली गोष्ट

थावराभाऊ गेल्याची बातमी मला यवतमाळच्या मोटारस्टँडवर कळली, आणि ज्या शब्दांत कळली ते शब्द अजून कानात रुतून बसले आहेत. मी बाभुळगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. महागावहून आलेल्या गाडीतून ओळखीचा कंडक्टर उतरला, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "मास्तर, आयकलं का? थो तुमचा 'हूं म्हना' गेला म्हन्ते परवा." क्षणभर मला काही समजलंच नाही... समजलं तेव्हा त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. अरे, माणूस गेला! आईबापानं ठेवलेलं नाव होतं त्याला, थावरा. त्याची गोष्ट ऐकायला एके काळी चार तांड्यांची माणसं गोळा व्हायची. आणि त्याच्या मरणाची बातमीसुद्धा तुम्ही त्या टिंगलीच्या नावानंच सांगता? पण हे सगळं मनात. तोंडानं मी "असं का" एवढंच म्हणालो. ऐन वेळी तोंड न उघडणं हा माझा जुना रोग आहे, आणि हा लेख म्हटलं तर त्या रोगाविषयीच आहे.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. तेराव्यानंतर तांड्यावर जाऊन आलो, तर जो तो म्हणतोय, काय माणूस होता, काय गोष्टी सांगायचा! मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी बारा वर्षं त्याला एकही गोष्ट धड सांगू दिली नाही यांनी. यांनी म्हणजे कोणी, तर आपण सगळ्यांनीच, आणि त्यात पहिला मी.

मी पन्नास साली महागावजवळच्या एका शाळेवर मास्तर म्हणून लागलो. थावराभाऊचा तांडा, बंजाऱ्यांची वस्ती, तिथून कोसभर. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. हा मात्र शेतात रुजला होता. थोडी कापसाची पऱ्हाटी, थोडी तूर, दोन बैल आणि डोक्यात शेदोनशे गोष्टी. उंच, काटक माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आवाज मात्र असा की हळू बोलला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावा. शाळेत पोरं यावीत म्हणून मी तांड्यावर चकरा मारायचो, आणि पोरं राहिली बाजूला, मीच त्याच्या गोष्टींना लागलो. दिवस कलला की अंगणात माणसं बसायची, आणि तो सुरू करायच्या आधी विचारायचा, "हुंकार कोन देते?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोष्ट सांगणारा एक वाक्य बोलतो, आणि ऐकणाऱ्यातला एक जण 'हूं' म्हणतो. मग दुसरं वाक्य, मग पुन्हा 'हूं'. हा हूं नुसता आवाज नाही. तो कळला, पटला, पुढं चल, असं सगळं सांगतो. भीतीच्या जागी हळू, हसण्याच्या जागी लांबवलेला, रडण्याच्या जागी नुसता श्वासासारखा. थावराभाऊ म्हणायचा, "फौजेले नगारा तसा गोष्टीले हुंकार. नगारा बंद झाला का फौज उभी राह्यते." पहिल्या वर्षी मी नुसता ऐकत होतो. दुसऱ्या वर्षी एका माणसाला खोकला आला म्हणून मी हुंकार दिला, आणि थावराभाऊनं गोष्ट संपल्यावर माझ्याकडे बोट करून सांगितलं, "मास्तरायचा हूं बराबर पडते. आता हेच देतीन." सरकारनं नोकरीत कायम केल्याचा कागद दिला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. पुढची पाच-सहा वर्षं तो बोलायचा आणि मी हूं म्हणायचो.

मग मलाच दुर्बुद्धी सुचली. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. गावच्या पंचायतीत नवा रेडिओ आला होता, आणि संध्याकाळचा खेड्यातल्या लोकांचा कार्यक्रम ऐकायला अर्धं गाव जमायचं. मी रेडिओ केंद्राला पत्र टाकलं की आमच्याकडे असा असा एक गोष्टीवाला आहे. केंद्र कोणतं ते लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती आणि चूक त्यांची नव्हती. महिन्याभरात बोलावणं आलं. थावराभाऊ आधी नाहीच म्हणत होता. "ज्यायले गोष्ट सांगाची थे दिसनार नाईत, मंग सांगू कोनाले?" पण मी मागे लागलो. "अख्ख्या मुलखाला ऐकू जाईल, भाऊ!" असं म्हणालो. त्याच्या बायकोनं, सोनीबाईनं, नवा पटका काढून दिला, आणि तांडा आम्हाला मोटारीपर्यंत पोचवायला आला. नवरदेवाला तरी इतकी माणसं येतात का!

त्या वेळी सगळं काही आधी टेपवर भरून ठेवत नसत. बोललं की गेलं, थेट लोकांच्या कानात. केंद्राच्या बाकड्यावर आम्ही बसलो असताना तिथला एक म्हातारा शिपाई आमची भीती घालवायला त्याच थेट कार्यक्रमांचे किस्से सांगू लागला. एका भजनी मंडळाच्या बुवानं अभंगाच्या मधोमध लय पळवणाऱ्या तबलेवाल्याला झापलं होतं, "अबे, कुठी पयून राह्यला?" ते सगळ्या मुलखानं ऐकलं. एका शेतीतज्ज्ञाच्या कागदांची पानं उलटसुलट झाली, आणि सरकीच्या पेरणीवरून तो सरळ गायीच्या विण्यावर आला, थांबलासुद्धा नाही. एका बाईंनी श्रोत्यांना वाकून नमस्कार केला तो कपाळ थेट मायक्रोफोनवर, धाडकन. हवामान सांगून झाल्यावर एक निवेदक "चहा पार थंड केला लेकाच्यायनं" असं म्हणाला, आणि लोकांना वाटलं थंडीची लाट येणार. आम्ही पोट धरून हसलो. थावराभाऊ तर डोळे पुसत होता. "मास्तर, गरीब लोकायची कशी फजिती होते पाहा," तो म्हणाला.

मग साहेब आले. तरुण, सभ्य माणूस. आम्हाला त्या खोलीत नेलं. बाप्पा, ती खोली! भिंतींना भोकांचे तक्ते, खाली गालिचा, वर थंडगार हवा, आणि दार असं जाड की लावलं तर आवाजच नाही. एकीकडे मोठी काच, काचेपलीकडे साहेब. थावराभाऊनं टाळी वाजवून पाहिली. टाळी हातातच मेली. "मास्तर, इथी तं आपला आवाज आपल्याले वापस येत नाई," तो कुजबुजला. साहेबांनी आवाज तपासायला चार वाक्यं बोलायला सांगितली. तो बोलला, आणि खोलीतल्या पेटीतून साहेबांचा आवाज आला, "हं." तो पुढचं बोलला. "हं... हं... ठीक आहे." थावराभाऊचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, चला, हुंकार देणारा आहे. काचेमागं आहे, पण आहे. मला मात्र तेव्हा काहीच वाटलं नाही. मासा कुणाला सांगतो का की मला पाणी लागतं? हुंकाराचं साहेबांना सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला खोलीतच एका खुर्चीवर बसू दिलं, थावराभाऊला धीर यावा म्हणून. पण साहेबांनी बजावलं, "मास्तर, लाल दिवा लागला की तोंडातून चकार शब्द नाही. खोकलासुद्धा नाही. सगळं बाहेर जातं." मी मान डोलावली. सरकारी मास्तराला मान डोलावायची सवयच असते. दार लागलं, दिवा लागला.

"एक होता तांड्याचा नायक," थावराभाऊनं सुरू केलं. "त्याच्यापाशी शंभर बैल होते." आणि तो थांबला. पेटीतून आवाज नाही. दिवा लागला की ती पेटी बंद होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं काचेकडे पाहिलं. साहेब हसून मान हलवत होते. "त्यानं बैलायवर मीठ लादलं, अन् निंगाला." पुन्हा थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता, बाकी सगळं गच्च. त्यानं आणखी तीन-चार वाक्यं ओढली, रिकामी गाडी चढावर ओढावी तशी, आणि प्रत्येक वाक्यानंतरची शांतता आधीपेक्षा लांब. कपाळावर घाम, एवढ्या थंड खोलीत. "पुढचा बैल नदीपाशी आला," तो म्हणाला, "अन् थांबला. पान्यात पाय घालेच ना." इथं तो जो थांबला तो थांबलाच.

काचेमागं साहेब उठून उभे राहिले. चालू ठेवा, चालू ठेवा, म्हणून हात गोल गोल फिरवू लागले. आता आमच्याकडे खळ्यावर असा हात फिरवला की त्याचा अर्थ एकच, बैल गोल हाका. थावराभाऊ बिचारा उठला, आणि मायक्रोफोनभोवती एक फेरी मारून आला! साहेबांनी कपाळाला हात लावला. मग थावराभाऊनं मायक्रोफोनला जवळजवळ तोंडच लावलं आणि कळवळून म्हणाला, "हूं म्हना ना बाप्पा कोनी तरी! गोष्ट अडकली ना!"

आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता. विहिरीत पडलेला माणूस काठावरच्या माणसाकडे पाहतो तसं तो पाहत होता. मी दोन हातांवर बसलो होतो. एक हूं. फक्त एक. जो मी हजारो वेळा दिला होता. आणि मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं. चूप, म्हणून. मी, त्याचा हुंकार देणारा! काय झालं असतं हूं म्हणालो असतो तर? फाशी देणार होते? नोकरीवरून काढणार होते? त्या लाल दिव्यानं माझी दातखीळ बसवली होती एवढं खरं. त्यानं माझं बोट पाहिलं, मान खाली घातली, आणि तेवढ्यात दिवा विझला. बाहेर लोकांना सनईची तबकडी ऐकू जात होती.

साहेब आत आले ते रागावलेसुद्धा नाहीत. "होतं असं, बाबा, मोठमोठ्यांचं होतं," असं थावराभाऊला म्हणाले. मग मी चाचरत त्यांना हुंकाराचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो मास्तर, मग आधी बोलायचं ना! मी तुम्हालाच मायक्रोफोनपाशी बसवलं असतं." त्यांनी चहा पाजला.

तिकडे पंचायतीसमोर काय झालं ते सोनीबाईनं नंतर सांगितलं. तांड्यातली सगळी माणसं रेडिओपुढे बसली होती. पहिल्या वाक्यापासूनच त्यांनी आपापल्या परीनं हूं म्हणायला सुरुवात केली होती. आणि त्यानं जेव्हा ते कळवळून मागितलं तेव्हा बायाबापड्या, म्हातारे, सगळे एकदम मोठ्यानं ओरडले, हूं! "आमी म्हनलं ना, मास्तर," ती बाई मला शपथेवर सांगत होती, "सगळ्यायनं म्हनलं. पन थ्या डब्ब्यातून तिकडं गेलंच नाई." मागं उभे असलेले गावातले लोक मात्र हसून हसून लोळत होते, डब्याला हूं म्हणणाऱ्या तांड्याला आणि डब्यात अडकलेल्या थावराला, दोघांनाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. बाजारात हूं म्हना, चक्कीवर हूं म्हना, कापसाची गाडी घेऊन सरकी काढायच्या जीनवर गेला तर वजनकाटा करणारा म्हणायचा, "हूं म्हनू का, थावरा?" लोकांना वाटायचं गंमत आहे. पहिल्या दिवशी ती गंमत होतीही. मी स्वतः शप्पत सांगतो, दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मीही हसलो असतो. पण तीच गंमत बारा वर्षं? राज्य पुन्हा बदललं, महाराष्ट्र झाला, गावात वीज आली, पंचायतीतला तो रेडिओसुद्धा मोडीत गेला. हे मात्र गेलं नाही. त्या रेडिओवर त्या हिवाळ्यात आणखी काय काय लागलं ते आज कुणाला आठवत नाही. थावराचं तेवढं एक वाक्य पोराटोरांना पाठ.

त्याच वर्षी होळीला त्यानं एकदा हिंमत केली. अंगण भरलं होतं. मी शेजारी बसलो होतो, हुंकार द्यायला सज्ज. त्यानं तोंड उघडलं, "एक होता..." आणि मागून पोट्ट्यांनी एका सुरात घातला, "हूंऽऽऽ!" सगळे हसले. त्याचे स्वतःचे पुतणेसुद्धा. तोही हसला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "बसा, गूळ-खोबरं खा." गोष्ट नाही. त्या दिवसापासून त्यानं गोष्ट सांगितली नाही. शेदोनशे गोष्टी एका माणसाच्या छातीत कोंडल्या गेल्या, आणि त्यांच्या दाराशी तो नदीकाठचा बैल आडवा उभा.

माझी बदली बाभुळगावकडे झाली, तरी दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात मी तांड्यावर जायचो. तो आनंदानं खाट टाकायचा. आम्ही तुरीवर बोलायचो, पोरांच्या लग्नांवर बोलायचो, सरकारवर बोलायचो. त्या दिवसावर मात्र कधी नाही. मी बोलताना चुकूनही हूं म्हणायचो नाही; हो म्हणायचो, बरं म्हणायचो, खरंय म्हणायचो, पण तो एक आवाज गिळायचो. त्याच्याही ते लक्षात आलंच असणार. आम्ही दोघं उघड्या अंगणात बसायचो आणि मला त्या जाड दाराच्या खोलीतच बसल्यासारखं वाटायचं. कधीकधी मला त्याचाच राग यायचा. अरे, एकदा शिवी घाल! एकदा म्हण की मास्तर, तुम्ही घात केला! पण नाही. "भाकर खाऊन जा," म्हणायचा.

शेवटचा भेटलो तो या उन्हाळ्याच्या तोंडाशी. दम्यानं अगदी खंगला होता. दुपारची वेळ, सोनीबाई पाणी आणायला गेलेली. छातीचा भाता वाजत होता. कसं काय कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "थावराभाऊ, त्या दिवशी मी हूं म्हणायला पाहिजे होतं. मी भ्यायलो. माझ्यामुळं तुमची गोष्ट गेली." बारा वर्षं आवळलेली मूठ सुटली तसा मी रडलो. पन्नाशीला आलेला हेडमास्तर, लहान पोरासारखा.

तो हळूहळू, श्वास घेत घेत बोलू लागला. "मास्तर, तुमी काहून एवढं लावून घेतलं? तुमाले खरं सांगतो... थ्या खोलीत मी गोष्टच भुललो होतो. बैल नदीपाशी थांबला, अन् पुढचं मले आठवेच ना. म्हून हूं मांगून राह्यलो होतो, बखत काढाले. तुमी म्हनले असते तरी गोष्ट पुढं गेलीच नसती."

किती सरळ चेहऱ्यानं सांगितलं त्यानं! आणि मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. कारण त्या दिवशी परतीच्या मोटारीत तो खिडकीशी बसला होता, मी शेजारी, आणि वाटेत कुठंतरी त्यानं ती गोष्ट बैलापासून पुढं सुरू केली होती. खिडकीबाहेर तोंड करून, अगदी हळू. पुढचा बैल पाण्यात पाय घालेना, कारण मागच्या मुक्कामावर नायकाची म्हातारी आई झोपेत राहून गेली होती, आणि एवढ्या माणसांत ते एकट्या बैलाला कळलं होतं. मग सगळा लमाण, म्हणजे बैलांचा तांडा, माघारी फिरला. एक शब्द तो चुकला नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. आणि मी? मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं.

तेव्हा खाटेवरचं हे जे चाललं होतं ती एक गोष्ट होती. बारा वर्षांनंतरची त्याची पहिली गोष्ट, खास माझ्यासाठी रचलेली, मला सोडवायला. ती सांगून झाल्यावर तो थांबला. सवयीनं थांबतात तसा, माझ्या तोंडाकडे पाहत. मी बाहीनं डोळे पुसत होतो. त्याच्या पांढऱ्या मिशा हलल्या. जे वाक्य ऐकून बारा वर्षं तो बाजारातून मान खाली घालून गेला, ते त्या दुपारी तो स्वतः, हसत, बोलला.

"हूं म्हना ना, मास्तर. गोष्ट अडकली ना."

"हूं," मी म्हणालो.

"हां... आता कसं," त्यानं डोळे मिटले. "आता पुढचं आयका."